तळ्याच्या पायरीवरची भांडी

आमच्या मागच्या दारातून निघून बोळ संपला की तळे लागे. पनवेलला तळी बरीच, पण आम्ही आमचे म्हणायचो ते हेच. धुणे तिथे, भांडी तिथे, गणपती बोळवायचे तेही तिथेच. मी लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि तळ्याला सगळे सरकारी तळे म्हणत. मग ते राज्य गेले, शाळेवर झेंडा लागला, पेढे वाटले, तरी तळे सरकारीच राहिले. पायरीचा दगड निखळला तर बायका म्हणायच्या, सरकारला दिसत नाही का. कुणाची शेण-चाऱ्याची घाण वाहत आली तरी तेच. गाळ साचत साचत वैशाखात तळ्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त दिसू लागला. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागायला लागले तेव्हा मात्र लोक हलले.

मराठी शाळेतल्या गुरुजींनी देवळाच्या आवारात सगळ्यांना बोलावले. बायका खांबाआड बसल्या होत्या, त्यांत मी अगदी मागे. गुरुजी फार बोलले नाहीत. ते म्हणाले, पूर्वी सरकार म्हटले की आपण विलायतेकडे बघत होतो, आता सरकार कोण ते पाहायचे तर शेजारी बसलेल्या माणसाकडे बघा. लोक हसले आणि खरोखरच एकमेकांकडे बघू लागले. मग ठरले की गाळ आपणच काढायचा. ऊन चढायच्या आत काम, घमेली घरून आणायची. रांगेत ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने उभे राहायचे, शेजारी कोण आहे ते बघून जागा बदलायची नाही. यावर थोडी कुजबुज झाली, पण कुणी उठून गेले नाही. शेवटची अट मुलींच्या शाळेतल्या बाईंनी घातली. तळ्यात जे सापडेल ते कुणी घरी न्यायचे नाही. ते पायरीवर ठेवायचे, रोज काम संपताना त्यावरचे नाव वाचायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे. ही अट सगळ्यांना एकदम पटली, कारण त्या तळ्यात काही पडले नाही असे एकही घर नव्हते.

घरी सासूबाईंना हे रुचले नाही. गाळ उपसायला माणसे मिळतात, घरच्या सुना कशाला, असे त्यांचे म्हणणे. सासरे भाताच्या गिरणीत दिवाणजी होते, मोजके बोलायचे. ते म्हणाले, पाणी सुनाच भरतात, मग जाऊ द्या. स्वतःही ते सकाळी यायला लागले. वयामुळे त्यांना चिखलात उतरता येत नव्हते, म्हणून ते पुरुषांच्या बाजूला पिंपळाखाली माठाशी बसून सगळ्यांना गूळपाणी देत.

आम्ही दोघी सुना होतो. दोघींचे नवरे मुंबईला नोकरीला, पंधरवड्याने घरी येत. थोरल्या जाऊबाईंना तळ्यावर जायचा आनंद झाला, कारण त्यांना घरातून बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवेच होते. ते का, हे सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

आमच्या घरात तांब्याचे एक मोठे ताम्हण होते. काठावर ठिपक्याठिपक्यांनी सासऱ्यांचे, त्यांच्या वडिलांचे आणि गावाचे नाव घातलेले. ते रोज वापरत नसत, गणपतीला आणि लक्ष्मीपूजनाला तेवढे बाहेर यायचे. एका दिवाळीत ते काढायला गेलो तर ते जागेवर नव्हते. माळा पाहिला, कोठी पाहिली, पलंगाखाली पाहिले. आणि मधल्या काळात, नवरात्रात, जाऊबाई माहेरी जाऊन आल्या होत्या. त्यांचे वडील आजारी होते. माहेर उरणच्या अंगाला, घरची गरिबी. जाताना त्यांच्याकडे कपड्यांचे एक बोचके होते.

सासूबाई त्यांना चोर म्हणाल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ताम्हणाला काही पाय फुटत नाहीत." आणि कोठीची किल्ली, जी तोवर जाऊबाईंकडे असायची, ती त्यांनी आपल्या कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी शेजारीण पीठ मागायला आली तिने किल्लीकडे पाहिले, जाऊबाईंकडे पाहिले, आणि बोळात सगळ्यांना कळले.

जाऊबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्या रात्री भांडी घासताना मला म्हणाल्या, "धाकटे, ते ताम्हण सापडेस्तोवर मी माहेरची पायरी चढायची नाही. गेले तर लोक म्हणतील, आता काय नेलं." त्यांनी तो शब्द पाळला. दोन दिवाळ्या गेल्या. वडिलांचा निरोप यायचा, अंथरुणावर आहे, येऊन जा. त्या निरोप घेऊन येणाऱ्याला चहा द्यायच्या आणि परत पाठवायच्या. मला ते बघवत नसे. मी घरात कुणापुढे तोंड उघडणारी नव्हे. मनात मात्र रोज म्हणायची, देवा, ते भांडे कुठे आहे तेवढे दाखव आणि तिच्या वडिलांना तोवर राख.

तर असे आम्ही तळ्यावर जाऊ लागलो. तळापासून वरच्या पायरीपर्यंत रांग, घमेले या हातातून त्या हातात. पहिल्या दिवशी हात आखडते घेऊन देणेघेणे चालले होते. मग चिखलाने सगळे हात सारखेच काळे झाले आणि कोण कुणाला देतो ते दिसेनासेही झाले. वर मोहल्ल्यातले गाडीवाले चाचा बैलगाडी लावून उभे असत. आसपासच्या गावांतले शेतकरी शेतात घालायला गाळ न्यायचे आणि त्या बदल्यात त्यांच्या बायका रांगेत उभ्या राहायच्या.

त्यांतलीच एक बेलपाड्याची मावशी. बाजारात मासळी विकायची. आवाज असा की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा बैल मान वळवायचा. पहिल्या दिवसापासून रांगेत तिची जागा माझ्या शेजारी आली.

गाळातून भांडी निघू लागली. गडू, वाट्या, पळ्या, चेमटलेली कळशी, मोहल्ल्यातला एक बदना, म्हणजे तोटीचा लोटा. ती ओळीने पायरीवर मांडायची, नाव वाचून झाले की चिंच लावून धुवायची आणि मग ज्याची त्याला द्यायची. पहिले एकदोन दिवस बाईंनी नावे वाचली. मग त्या म्हणाल्या, बायकांची भांडी आहेत, बायकांपैकीच कुणीतरी वाचावे. वाचता येणाऱ्या आम्ही दोघीतिघीच होतो आणि त्यांत चौथी झालेली मी एकटी. बाईंनी माझे नाव घेतले तेव्हा मला वाटले आपण गाळात उतरून बसावे. उभी राहिले, पहिल्या गडूवरचे नाव वाचले, ते माझे मलाही ऐकू आले नाही.

मावशी म्हणाली, "काय गो बाय, देवाच्या कानात सांगतंस? मना सांग, मी सांगतंय गावाला."

तशी आमची जोडी जमली. मी तिच्या कानाशी हळूच नाव वाचायची आणि ती ते तळ्याच्या चारी बाजूंना ऐकवायची. शेवटी दरवेळी एकच वाक्य, "ज्याचा असंल त्यानं यावा!" लोक हसत यायचे. एका म्हातारीला तिच्या लग्नातली वाटी मिळाली, ती तिने तिथेच पदराने पुसून डोक्याला लावली. एका घरातल्या दोन भावांनी वाटणीत जिच्या चोरीचा आळ एकमेकांवर घातला होता ती कळशी निघाली, तेव्हा दोघेही घ्यायला पुढे येईनात. भांड्यावर उर्दू अक्षरे असली तर गाडीवाले चाचा खाली यायचे आणि वाचून द्यायचे. थोड्या दिवसांत असे झाले की काम संपले तरी लोक घरी जाईनात, नावे ऐकायला थांबायचे.

त्या दिवशी मावशीने गाळातून काहीतरी रुंद ओढून काढले. काम संपत आले होते. तिने काठ अंगठ्याने खसाखसा पुसला आणि माझ्या हातात दिला. "हा मोठा हाय. बघ कंचा ते."

मी अक्षरे पाहिली आणि माझा आवाज होता तेवढाही गेला. काठावर माझ्या सासऱ्यांचे नाव होते.

आता हे वाचणाऱ्याला, कुणी कधी वाचलेच तर, कदाचित हसू येईल. पण आमच्यात सासऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नसते. नवऱ्याचे निदान उखाण्यात घेता येते, सासऱ्यांसाठी उखाणाही नाही. त्या नावाची अक्षरे असलेला एक महिनासुद्धा मी दुसऱ्या शब्दाने म्हणत असे. आणि इथे सारे गाव उभे.

"वाच ना गो," मावशी म्हणाली.

मी मान हलवली.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, ताम्हणाकडे पाहिले आणि वर हाक दिली, "चाचा, या खाली. हिला येत नाय, उर्दू हाय वाटतं."

चाचा बैलाला थोपटून सावकाश पायऱ्या उतरून आले. त्यांनी काठ पाहिला आणि म्हणाले, "बेटी, ही तर तुमची अक्षरं." आणि ते परत गेले. लोक हसले. कुणीतरी बाई मागून म्हणाली, नवऱ्याचं दिसतंय, घे की उखाणा. आणखी हसले. खालच्या पायरीवर जाऊबाई रिकामे घमेले घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते, पण ताम्हण त्यांनी ओळखले होते. त्या हसत नव्हत्या.

शाळेतल्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, द्या, मी वाचते. मी देणारच होते. तेवढ्यात मला ताम्हणात काय आहे ते दिसले. वरचा काळा गाळ थोडा ओघळला होता आणि त्याखाली पांढरी माती होती. आमच्या तळ्यात पांढरी माती नाही. ती शाडूची होती, ताम्हणाच्या तळाला घट्ट बसलेली, आणि तिच्या एका कडेला पिवळा रंग अजून दिसत होता. पितांबराचा रंग.

तेव्हा मला सगळे समजले. आणि हेही समजले की बाईंनी नाव वाचले तर ताम्हण घरी येईल, पण त्याआधी रोजच्या रिवाजाने चिंच लावून लख्ख धुतले जाईल. मग ते तळ्यात कसे गेले याचे कुणाला काय पडले आहे? टाकले असेल लपवायला, असेही कुणी म्हणेल.

मी ताम्हण दिले नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पायऱ्या चढून पुरुषांच्या बाजूला चालू लागले. त्या बाजूला मी कधी गेले नव्हते. माणसे वाट देत बाजूला झाली. हसणे थांबले होते. पिंपळाखाली सासरे माठातून कुणाला तरी पाणी देत होते. मी ताम्हण त्यांच्यापुढे ठेवले, आतली माती दिसेल असे, आणि दोन पावले मागे सरून उभी राहिले.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. पांढऱ्या मातीवरून त्यांनी एक बोट फिरवले. मला वाटले, आता हे उचलून बाजूला ठेवतील आणि घरी गेल्यावर बघू म्हणतील.

ते उठून उभे राहिले. ताम्हण दोन्ही हातांनी धरले आणि काठावरचे सगळे नाव, स्वतःचे, वडिलांचे, आडनाव, गाव, मोठ्याने वाचले. मावशी रोज ओरडायची तितक्याच मोठ्याने. त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "ज्याचं आहे तो आला आहे."

कुणी हसले नाही.

त्यांनी जाऊबाईंना हाक मारली. त्या गुडघ्यापर्यंत चिखलात, तशाच वर आल्या. सासरे म्हणाले, "सूनबाई, त्या वर्षी पाऊस होता, कंदील विझला, मागून लोक लोटत होते. गणपती मी बुडवला आणि त्याच्याबरोबर ताम्हणही मीच सोडलं. विसर्जनाची माती दरवर्षी ताम्हणातून घरी आणतो, ती त्या वर्षी मी उपरण्यातून आणली. हे मला आत्ता आठवतंय. तुमच्यावर जो आळ आला तो माझ्यावर यायला हवा होता."

जाऊबाईंनी ताम्हणाकडे पाहिले. मला वाटले आता त्यांचा बांध फुटेल. त्या म्हणाल्या, "मामंजी, मी उद्याच्या पहिल्या एस.टी.ने बाबांना बघून येऊ?"

"उद्या कशाला," सासरे म्हणाले, "आजच जा."

मावशी खालून सगळे ऐकत होती. ती कुणाला तरी समजावून सांगू लागली, "म्हंजे आज्यानी गनपतीसंगं ताम्हनाचा पन इसर्जन केला, आनी बोल लागला सुनंला." तेव्हा कुठे लोक हसले, सासरेसुद्धा. मी मात्र पिंपळाच्या पारावर मटकन बसले. चाचांनी माठातले पाणी माझ्यापुढे ठेवले.

घरी गेलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोहोचली होती. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. सासऱ्यांनी ताम्हण तसेच, न धुता, त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पांढरी माती पाहिली. त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या, "ते उपरणं मीच धुतलं होतं. माती निघता निघत नव्हती." मग कमरेची किल्ली सोडून जाऊबाईंपुढे धरली. "कोठीतून काय न्यायचं ते काढून घे. तूप ने, वडिलांना लागेल. मी उठले असते, पण गुडघे धरलेत." त्यांचे गुडघे त्याआधी कधी धरले नव्हते आणि त्यानंतरही कधी धरल्याचे मला आठवत नाही.

जाऊबाईंनी किल्ली घेतली. तूप थोडेच घेतले. दुपारच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेले. बोचके या खेपेला मी उचलले होते, आणि बोळातून जाताना ते मुद्दाम सगळ्यांना दिसेल असे धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेले घेऊन निघाले तर सासूबाई जुने लुगडे नेसून दारात उभ्या. घरातून दोघी जात होत्या, आता एक कमी कशी पडू द्यायची, असे म्हणाल्या. रांगेत त्यांना जागा मिळाली ती मावशीच्या पलीकडे. मासळीवाली बाई आणि माझ्या सासूबाई, दोघींच्या मध्ये घमेले. मी मान खाली घालून उभी राहिले. मावशी म्हणाली, "आजी, जड हाय, हलू धरा." सासूबाई म्हणाल्या, "मी तुझ्यापेक्षा जास्त घागरी वाहिल्यात." आणि त्यांनी घमेले उचलून पुढे दिले. घरी येऊन त्यांनी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली, ते वेगळे. पण पुढच्या सकाळी त्या पुन्हा आल्या.

जाऊबाईंचे वडील भेटले. नुसते भेटले नाहीत, लेक आल्यावर उठून बसायला लागले, असे त्यांनी परतल्यावर सांगितले. पुढे ते चांगली काही वर्षे होते आणि आमच्याकडे दोनदा येऊनही गेले. सासरे त्यांना तळ्यावर फिरायला न्यायचे आणि कुठल्या पायरीवरून ताम्हण सुटले ती जागा दाखवायचे. ती जागा दरवेळी थोडी वेगळी असायची.

गाळ पावसाळ्याच्या तोंडावर संपला. पेरणी आली तशी मावशी यायची थांबली होती, त्यामुळे शेवटच्या दिवसांत नावे मला एकटीलाच वाचावी लागली. दोन बाजूंना तरी ऐकू जात असावीत, कारण भांडी न्यायला माणसे येत होती. निखळलेले दगड गवंड्यांनी बसवून दिले. तळ्याला सरकारी म्हणणे कुणी ठरवून बंद केले नाही, पण मला आठवते, त्या भाद्रपदात एका बाईने पायरीवर राख टाकली तेव्हा शेजारणीने तिला म्हटले, आमच्या तळ्यात घाण करू नको.

त्याच वर्षीपासून आमच्याकडे गणपती बोळवायला आम्ही सुनाही पाण्यापर्यंत जाऊ लागलो. सासरे तीनदा मूर्ती बुडवून वर काढत, चौथ्यांदा सोडत. सगळे पुढल्या वर्षी लवकर या म्हणत. मग काळोखात त्यांचा आवाज येई, "ताम्हण कुणाकडे आहे?"

आणि मागून जाऊबाई म्हणत, "माझ्याकडे आहे, मामंजी. मातीसकट."